शेवटची तार

"टेलरकाकू ऐकत नाहीत, बाबा. तुम्हीच सांगून बघा," मुलगी त्यांच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली. डावा कान जनरेटरने कधीच खाल्ला होता.

बाजारात सगळे त्यांना जनरेटरकाका म्हणत. वीज गेली की गल्लीच्या टोकाला त्यांचं मशीन धडधडू लागायचं आणि त्यांच्या तारांवर दुकानादुकानांत दिवे लागायचे. त्या धुरावरच त्यांनी संसार केला, मुलीला वायरमनचं शिक्षण दिलं. मग परदेशी गुंतवणूकदारांच्या पाठबळावर सौरऊर्जेची कंपनी आली. बाजाराच्या छपरांवर पॅनेल बसली, आणि मुलगी त्याच कंपनीत कामाला लागली. एकेक दुकान काकांना सोडून गेलं. कुणी तोंडावर सांगितलं, कुणी नजर चुकवली. उरल्या फक्त टेलरकाकू. त्यांच्या एका शिलाई मशीनसाठी ते धूड अजून धडधडत होतं.

काका मुलीला घेऊन दुकानात गेले. काकू बटणं लावत होत्या.

"ताई, नवी लाइन घेऊन टाका."

"माझं काही अडलेलं नाही, भाऊजी. आहे ते बरं आहे."

"बरं कसलं? त्या धुरानं खोकून खोकून बेजार होता."

"होईना. तुमची बायको माझी जिवाभावाची मैत्रीण. ती गेली म्हणून मी तुमची लाइन सोडू? कुठल्या तोंडानं?"

काका म्हणाले, "मी मशीन विकलंय, ताई."

मुलीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काकूंचा हात थांबला.

"विकलंत? मग तुम्ही काय करणार?"

"काय करणार? वीज गेली की ताटावरून उठून पळायचो. आता सावकाश जेवेन."

काकूंना हसू आलं, आणि लगेच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "जोड गं मग," त्या मुलीला म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "कुणाला विकलंत, बाबा?"

"बघू. मिळेल कुणीतरी."

ती शिडी आणायला वळली. तिच्याबरोबर आलेला कंपनीचा माणूस जुनी तार तोडायला पक्कड घेऊन पुढे आला, तर काकांनी त्याला हातानेच मागे सारलं. तार त्यांनी स्वतः तोडली, ओढून घेतली, कोपरावर नीट गुंडाळली आणि खांद्याला अडकवली.

मुलीने भिंतीला शिडी लावली. जमीन उंचसखल होती, शिडी डुगडुगत होती. काकांनी पाय रोवून ती दोन्ही हातांनी धरली. वर मुलगी नवी वायर ओढत राहिली. आत काकूंच्या दुकानात दिवा लागला.

मुलगी खाली उतरली, हात झटकून बाजूला उभी राहिली. काकांनी शिडी अजून धरूनच ठेवली होती. तिने घाई केली नाही.