बॉयलरचं रक्त

वाळूजच्या सूत रंगवायच्या कारखान्यात त्या सोमवारी एकही माणूस मशीनवर नव्हता. पहिल्या पाळीचे सगळे कामगार बॉयलरच्या शेडपुढं दाटीवाटीनं उभे होते. मधोमध भस्म फासलेले निरंजनबाबा. त्यांच्या हातात स्टीलचा जग, जगात बॉयलरमधून काढून निववलेलं पाणी. बाबांनी झोळीतून चिमूटभर हळद काढली, काहीतरी पुटपुटले आणि पाण्यात सोडली. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली.

“रक्त!” कुणीतरी किंचाळलं. मागच्यांनी हात जोडले.

“काकासाहेबाचं रक्त,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “आत्मा लोखंडात अडकलाय. व्हायब्रेशन लई निगेटिव्ह आहे!”

काकासाहेब बावीस वर्षं या बॉयलरवर होते. दिवाळीनंतर ड्युटीवरच छातीत कळ आली आणि गेले. त्यांच्या जागी त्यांनीच शिकवलेला कडुबा आला. गेल्या दोन महिन्यांपासून बॉयलर आतून गुरगुरत होता, मधूनच दणके द्यायचा. सुपरवायझर राजकुमारनं बाबांना बोलावलं. बाबांनी आल्या आल्या फर्मावलं, “आधी अग्नी मंद करा.” ज्योत कमी केली आणि गुरगुर थांबली. तेवढ्यावर निम्मा कारखाना बाबांचा भक्त झाला.

कडुबा सगळ्यांच्या मागं उभा होता.

बॉयलर का गुरगुरतो, ते त्याला ठाऊक होतं. काकासाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “दर पाळीला खालचा व्हॉल्व्ह उघडायचा, तळाचा गाळ बाहेर फेकायचा. ह्याला ब्लोडाऊन म्हणत्यात. आंघोळ चुकली तर चालंल, हे चुकायचं नाय.” तो व्हॉल्व्ह जाम व्हायला लागला होता. कडुबानं एक दिवस टाळलं, मग दुसरा. मग सवयच लागली. रोजच्या तक्त्यावर मात्र बरोबरची खूण न चुकता पडत राहिली. पाण्यातले क्षार काढून ते मऊ करायच्या टाकीत मीठही त्यानं वेळेवर भरलं नव्हतं.

कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, “काकासाहेबच रडतोय आत.” ते ऐकून कडुबाला हायसं वाटलं होतं. दोषाला परस्पर धनी मिळाला होता. पण त्याच कॅन्टीनमध्ये काकासाहेबांची बायको गोजरबाई चहा करायची. पंधरा दिवस झाले, बाधा होईल म्हणून तिच्या हातचा चहा कुणी घेत नव्हतं. कडुबाही नाही.

“हिला पुढं आणा,” बाबा गरजले. “हिच्या मोहापायी तो सुटंना. बाई, बॉयलरच्या दाराला हात लाव अन् म्हण, जा म्हणून. राजकुमार, अग्नी वाढवा! पूर्ण!”

गोजरबाई खाली मान घालून पुढं आली. पदर तोंडाशी धरलेला. राजकुमारचा हात बर्नरच्या बटणाकडं गेला.

“थांबा!” कडुबा गर्दी फाडत धावला आणि त्यानं बर्नरच बंद केला. “बाई, मागं सरा! सगळेच मागं सरा! आतल्या नळ्यांवर क्षारांची खपली बसलीय. जाळ वाढवला तर नळी फुटंल.”

“अपवित्र हात!” बाबा ओरडले.

“हात अपवित्रच हायेत माझे,” कडुबा म्हणाला. “चार महिने ब्लोडाऊन केलं नाय मी. खोट्या खुणा केल्या. काकासाहेबाचा आत्मा नाय, माझा कामचुकारपणा गुरगुरतोय आत. जाळ मोठा झाला की खपलीखाली पाणी उकळून दणके देतं. जाळ कमी केला की गप्प.”

फिटर रिझवाननं लाल पाण्याकडं बोट दाखवलं. “और ये खून?”

“बॉयलरच्या पाण्यात आपण सोड्यासारखं औषध टाकतो, रिझवानभाई. त्यानंच हळद लाल होते.”

रिझवान कॅन्टीनमधून हळद घेऊन आला. नळाच्या पाण्यात टाकली, पिवळीच राहिली. धुण्याच्या साबणाच्या पाण्यात टाकली आणि लाल झाली.

गोजरबाईनं पदर खाली घेतला. “हळदीच्या डागाला साबण लावला की असंच होतंय,” ती हळूच म्हणाली. “रोज धुते मी. अन् तरी भ्याले.”

बाबांनी झोळी उचलली आणि फाटक गाठलं.

बॉयलर दोन दिवस निववला. रिझवाननं इंधनाचे, वाफेचे व्हॉल्व्ह बंद करून कुलपं लावली, आतली हवा तपासली, मगच आत माणूस उतरवला. बाहेर दुसरा उभाच ठेवला. नळ्यांवर भाकरीएवढी जाड पांढरी खपली निघाली. ती औषधानं सोडवली, नळ्या धुतल्या, जाम व्हॉल्व्ह बदलला. पूर्ण ज्योतीवरही बॉयलर पुन्हा गुरगुरला नाही. कडुबाला कामावरून काढलं.

तो बजाजनगरला गोजरबाईच्या खोलीवर गेला, उंबऱ्यातच बसला. “माफ करा, काकू.”

“ते गेले तवा मी रडले, तो देवाचा मामला होता,” ती म्हणाली. “हे पंधरा दिवस तू रडवलंस. तुला ठाऊक असून.” तिनं दार लावलं नाही, पण आतही बोलावलं नाही.

ते उघडं दार आणि न आलेलं बोलावणं, कडुबा आजही दोन्ही विसरलेला नाही.

हळद लाल करायला सिद्धी लागत नाही, साबण पुरतो. घरी करून बघा. आणि एखाद्या यंत्रात भूत शिरलं असं कुणी सांगितलं, तर नारळ आणायच्या आधी एवढंच विचारा, इथं कुणाचं काम राहिलंय? ते काम आपलंच असेल, तर एखादी निरपराध बाई दारापुढं उभी राहायच्या आत बोलून टाका.