उलटा गड

आमच्या ह्यांनी सिंहगड इतक्यांदा चढलाय, की गडालाच आता त्यांचा कंटाळा आला असेल. रविवारी पहाटे निघायचं, दमत वर पोचायचं, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही चापायचं आणि शीळ घालत उतरायचं. त्यामुळे अमेरिकेतल्या आमच्या लेकीनं, तनयानं, ग्रँड कॅन्यन दाखवायचं ठरवलं तेव्हा ह्यांनी पर्वतीच्या कट्ट्यावर जाहीरच करून टाकलं, "दरीत उतरून नदीला हात लावल्याशिवाय येत नाही!" मला कोणी काही विचारलं नाही. मी गडावर जाते ती गाडीनं.

दरीच्या काठावर माझी छातीच दडपली. खाली नुसता लाल खडक आणि रखरखाट, नदी तर दिसतही नव्हती. वाटेच्या तोंडाशी पाटी होती, एका दिवसात नदीपर्यंत जाऊन येऊ नका. पण पाट्या लावाव्यात पुणेकरांनी, वाचाव्यात इतरांनी. हे निघालेसुद्धा. मागून मी आणि तनया.

उतार सोपा होता. एका वळणावर सावली मिळाली, तिथे ह्यांनी उरलेली बाटली घटाघटा संपवली.

"अर्धं काम झालं, आनंदी!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे मनानं सिंहगडावरच होते. इथे गड उलटा आहे, आधी उतार आणि मग चढ, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी खडकावर बसकण मारली.

"मी पुढे येणार नाही. तुम्हीही जायचं नाही."

"का?"

"अहो, लग्न झाल्यापासून बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहतेय. मंडईत जाताना पिशवी रिकामी असते, जिना चढताना भरलेली. आपलं काम अजून सुरूच झालेलं नाही."

"कट्ट्यावर काय सांगू?"

"वर पोचलात तर सांगाल ना!"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, पण मी हलले नाही. शेवटी तेच मागे वळले.

चढावर ऊन डोक्यावर आलं आणि ह्यांचे पाय बोलायला लागले. मग मी पुढे झाले. राखून ठेवलेलं पाणी घोटघोट दिलं, खारे शेंगदाणे दिले. "बोलू नका, माझ्या मागून या." जिना चढते तशी चढले, सावकाश, प्रत्येक वळणावर टेकत. काठावर पाय ठेवला तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

पुण्यात परतल्यावर मी मुद्दाम ह्यांच्याबरोबर पर्वतीवर गेले. कट्ट्यावरच्या रंगरावांनी विचारलंच, "काय श्रीधरराव, नदीचं पाणी गार होतं का?"

ह्यांनी घसा खाकरला.

"माहीत नाही. अर्ध्यातून परतलो. हिनं परतवलं."

"म्हणजे नदी राहिलीच की!"

"नदी राहिली, पण मी आलो ना! तोही हिच्या मागून, धापा टाकत," हे ताठ मानेनं म्हणाले. "सरका जरा, रंगराव. हिला बसू द्या."