पडद्यावरचा हात

थिएटर पाडायचं की राखायचं, हे ठरवायला सरकारी बाई येणार म्हणून आत्यानं इतिहास पाठ केला होता. थिएटरची ती मालकीण, पण अख्ख्या गावाची आत्याच. तिच्या इतिहासात कमानी होत्या, लाकडी जिना होता आणि भेट देऊन गेलेला एक मंत्रीही होता. मंत्री खरं तर वाटेत लघवीला थांबला होता, पण आला तर होता ना!

बाईंनी जांभई दाबली. "असे जिने गावोगाव आहेत हो. इथलं वेगळं काय?"

आत्या पुन्हा कमानींवर आली. निकाल ऐकायला खुर्च्या अडवून बसलेल्या गावकऱ्यांतून शिंपीकाका ओरडले, "अगं, हाताचं सांग की!"

"काका, गप बसा!"

"का गप बसू? इतिहास सांगतेस की सोयरीक जुळवतेस, लपवालपवी करायला?"

बाई सावरून बसल्या. "कसला हात?"

आत्याला धरणी दुभंगली तर बरं असं झालं, पण सांगावंच लागलं. तिचे वडील इथे सिनेमाचं मशीन चालवायचे. माणूस भारी लाजाळू. पडद्यावर नायकानं नायिकेच्या तोंडाजवळ तोंड नेलं, की ते भिंगापुढे हात धरत. पडदाभर पाच बोटं! मुका संपला असेल अशा अंदाजानं हात काढत. एकदा हात निघेपर्यंत नायिकेला दोन पोरं झाली होती. गावाला वाटे, पिक्चरच असा असतो. कुणाचं जुळलं, की लोक म्हणत, "त्यांचा हात आला."

"एकदा बाबांना ताप भरला," आत्या मान खाली घालून म्हणाली, "म्हणून आईनं मशीन चालवलं. तिनं हात धरलाच नाही."

"मग लोक खूश?"

"कसले खूश! खुर्च्या आपटल्या. म्हणे, हात कापून अर्धवट पिक्चर दाखवता काय? आईनं रीळ मागे घेतलं, बांगड्यांसकट हात धरला, तेव्हा कुठे थंड झाले."

बाईंना हसू आवरेना. "मला बघायचंय."

आत्या घुटमळली. थिएटर वाचवायला बापाचं हसं करायचं? पण नाही म्हणावं, तर उद्या इथे नुसता ढिगारा. ती मशीनच्या खोलीत चढली आणि उरलंसुरलं एक रीळ लावलं. नायक वाकला. आत्यानं डोळे मिटून हात पुढे केला.

"हात आला!" खाली म्हातारेकोतारे टाळ्या पिटत उभे राहिले. त्यात टिंगल नव्हती. कुणीतरी तर बाबांच्या नावानं शिट्टी मारली. आत्यानं डोळे उघडले, पण हात हलवला नाही.

"राहू दे तुमचं थिएटर!" बाई हसत खालून ओरडल्या. "नाही पाडत! आता काढा हात!"

"घाई नको, बाई," शिंपीकाका म्हणाले. "त्यांचं अजून उरकलं नसेल."