तडजोडीचा ठराव

मनोहरराव कंपनीच्या सभेसाठी धरमपेठेतल्या त्या गारेगार सभागृहात शिरले ते एकच पक्कं ठरवून. आज हात वर करायचा. पंचवीस वर्षं कोळसा खाणीत ओव्हरमन म्हणून खाली पाळीवरची माणसं सांभाळली, पण साहेबांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं.

भानगड अशी होती. उमरेडजवळ त्यांच्या कंपनीची खाण आणि शेजारच्या कंपनीची खाण यांच्यामध्ये कोळशाची जाड भिंत सोडलेली. ती कुणीतरी चोरून पोखरली, पलीकडचं पाणी आत घुसलं आणि गोविंदा, त्यांच्याच पाळीतला पंप चालवणारा कामगार, खालीच राहिला. याला दोन वर्षं झाली. दोन्ही कंपन्या कोर्टात एकमेकींकडे बोट दाखवून राहिल्या. पाणी उपसायला कुणी तयार नाही, कारण जो उपसेल त्याचीच चूक ठरेल! गोविंदाची बायको बायजाबाई रोज मनोहररावांच्या ओट्यावर येऊन विचारायची, "भाऊजी, निघन का गा तो?"

आजच्या ठरावात कोर्टानं सुचवलेली तडजोड होती; साहेबांना ती नको होती. खटला मागे घ्यायचा आणि दोघांनी मिळून पाणी उपसायचं. भागधारकांनी फक्त हो म्हणायचं होतं, आणि बोनसात मिळालेल्या शेअरांमुळे मनोहररावही भागधारक होते.

पण इथलं वारं निराळंच. "केस जिंकलो तर शेअर दुप्पट होईल, तडजोड काहून करायची?" पुढून एकजण ओरडला आणि टाळ्या पडल्या. गुंतवणुकीचे सल्ले देणारी चिन्मयी शांतपणे म्हणाली, "पाणी आणखी दोन वर्षं राहू द्या. कोळसा कुठं जात नाही." मनोहररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अन् माणूस? पण खरं सांगायचं तर वर्षभर तेही चहाआधी शेअरचा भाव पाहत होते. त्याची आता त्यांना लाज वाटली.

ते उभे राहिले. "मी ठरावाच्या बाजूनं आहे. माहा माणूस खाली आहे."

मतदानाच्या टेबलावरच्या श्वेतानं संगणकात पाहिलं. "काका, तुमचं मत मंगळवारीच मोबाईलवरून पडलंय. ठरावाच्या विरोधात. आता बदलता येत नाही."

मंगळवारी! मंगळवारी ऑफिसातला दुर्गेश संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला होता. तो दरसाल सभेआधी जुन्या कामगारांकडे यायचा. "काका, नेहमीचंच आहे, मोबाईलवर आलेला नंबर सांगा." त्यांनी सांगून टाकला. आपल्याच कंपनीचा माणूस, त्याला काय विचारायचं?

ठराव पडला.

एसटीनं ते उमरेडला परतले तेव्हा बायजाबाई दारातच उभी होती. त्यांनी काही लपवलं नाही. "माह्या हातानं घात झाला, बायजाबाई. दुर्गेशले नंबर सांगून बसलो, अन् त्यानं माह्या नावानं नाही म्हणून टाकलं."

"कोणता नंबर?"

"मत द्यायचा. ज्याचे शेअर, त्याच्या मोबाईलवर येते तो."

बोनसात गोविंदालाही थोडे शेअर मिळाले होते, हे मनोहररावांच्या ध्यानातच नव्हतं. बायजाबाई ओट्यावर बसली.

"माह्याकडंही आला होता तो दुर्गेश. खाणीत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून ह्यांचा मोबाईल त्या दिवशी घरीच राहिला. म्हणे, वहिनी, गोविंदाच्या नावानं मेसेज आला असन, दाखवा." तिला हुंदका आवरेना. "मले वाटलं, त्याचा पत्ता लागला. म्या पळत जाऊन मोबाईल आणून देल्ला गा त्याले."