थंडीपुरती चोरी

'येथे थुंकू नये' या पाटीवरच कुणीतरी मनसोक्त थुंकलं होतं. वीज कंपनीच्या ऑफिसात उभ्या असलेल्या सूर्यभाननं ते बघून तोंड फिरवलं. तालुक्याच्या गावचं हे दोन खोल्यांचं ऑफिस. साहेब जागेवर नाही, कधी येणार ते कुणाला ठाऊक नाही, आणि टेबलावर पाय टाकून मोबाईल बघणाऱ्या ऑपरेटरला मान वर करायची फुरसत नाही. सूर्यभान सलग तिसऱ्या दिवशी तिसरा अर्ज घेऊन आला होता. त्याच्या गल्लीची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, रविवारी संध्याकाळी जळाली होती, आणि तेव्हापासून एकतीस घरांत लाईट नव्हती.

अंधाराचं एवढं काही नव्हतं हो. पण डिसेंबरातली परभणीकडची थंडी काय असते ते इथल्या माणसाला विचारा! पारा पाच-सहावर येतो, सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. आणि सूर्यभानच्या घरात बारा दिवसांचं बाळ होतं. त्याची लेक वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला जिंतूरहून माहेरी आली होती. मुलगी झाली, पण वजनाला जेमतेम दोन किलो. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की हिला गारठा लागता कामा नये.

सूर्यभाननं हे सगळं ऑपरेटरला सांगितलं. त्यानं जांभई देत उत्तर दिलं की डीपीला नंबर लागतो, यादी लांब आहे. लय घाई असेल तर गल्लीनं वर्गणी गोळा करावी, टेम्पोही आपलाच आणावा, म्हणजे डीपी बसवणारा गुत्तेदार जरा लवकर हलतो. ही वर्गणी कोणत्या नियमात बसते, असं सूर्यभाननं विचारलं तेव्हा तो नुसता हसला.

सूर्यभान स्वतः तहसीलमध्ये कारकून. तेवीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा, आणि ते खरंही होतं. त्यामुळं असला निगरगट्टपणा बघितला की त्याच्या अंगाची आग व्हायची. घरी येईपर्यंत त्यानं वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगितलं की ही कंपनी म्हणजे वरपासून खालपर्यंत चोरांची टोळी आहे.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी सूर्यभाननं तिन्हींपैकी एकाही अर्जात लिहिली नव्हती. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की त्याच्या गल्लीत आकडे चढायचे. मीटरला वळसा घालून वायर थेट खांबाच्या तारेवर अडकवायची आणि तिच्यावर न्हाणीतला हिटर न् खोलीतली कॉईलची शेगडी चालवायची. होळी झाली की वायर गुंडाळून माळ्यावर. वर्षानुवर्षांचा हा रिवाज. याला गल्लीत कुणी चोरी म्हणत नसे, 'थंडीपुरतं' म्हणत. कोणत्या फेजवर टाका हे लाईनमनच सांगून जायचा, मग भ्यायचं कुणाला? सूर्यभानचाही आकडा होता. यंदा बाळंतीण घरात म्हणून त्यानं त्यावर दोन शेगड्या लावल्या होत्या.

गल्लीत एकच घर असं होतं, जिथून वायर लटकत नसे. ते समोरच्या धम्मशीलाताईंचं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. गिझर बसवायचा म्हणून त्यांनी मीटरचा भार रीतसर वाढवून मागितला आणि त्यासाठी याच ऑफिसात चार महिने खेटे घातले. गल्ली त्यांना हसली होती. यंदा दिवाळीनंतर त्यांनी सूर्यभानला म्हटलंही होतं, ही डीपी एवढं ओढणार न्हाई. त्यावर तो म्हणाला होता, थंडीपुरतं तर हाय, ताई.

चौथ्या दिवशी सकाळी थंडीनं कहर केला. सूर्यभानची बायको पंचफुला म्हणाली की आपल्या आया-सासवा काय लाईटवर शेकत होत्या का? तिनं शेगडीत कोळशाचा विस्तव केला, वर ओवा-शेपा टाकले आणि शेगडी वैष्णवीच्या बाजेखाली सारली. रीत जुनी, पण ती मातीच्या, कौलांच्या घरातली. तिथं धूर निघायला शंभर फटी. हे घर स्लॅबचं, खिडक्या सरकत्या काचेच्या. त्यातून वारा शिरू नये म्हणून सूर्यभाननं स्वतःच्या हातानं खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली, दाराखाली पोतं लावलं आणि दार ओढून घेतलं. मग तो अंगणात जाऊन कंपनीच्या तक्रार नंबरवर फोन लावत बसला. पलीकडून एक बाई गोड आवाजात पुन्हा पुन्हा सांगत होती की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ते ऐकून सूर्यभाननं तिच्या खानदानाचा उद्धार केला. अर्धा तास असाच गेला.

तेवढ्यात धम्मशीलाताई बाळाची नाळ बघायला आल्या. बंद दार आणि खालचं पोतं बघून त्या जागीच थबकल्या.

"आत इस्तू हाय का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दार ढकललं.

वैष्णवी बाजेवर अर्धवट डोळे उघडे ठेवून पडली होती. हाक मारली तर नुसती हुंकारली. उशाशी उलटी झालेली. आणि तिच्या कुशीतलं बाळ? हात खाली लोंबलेला, ना रडणं ना हलणं! ताईंनी बाळ उचलून थेट अंगणात आणलं, सूर्यभाननं लेकीला ओढत बाहेर काढलं. गल्लीतल्या एकानं ॲटो आणला. कोंडलेल्या कोळशाच्या विषारी वायूनं हे झालं, असं सांगून डॉक्टरांनी मायलेकींना ऑक्सिजन लावला. दुपारच्या सुमारास बाळ क्षीण आवाजात रडलं, तेव्हा पंचफुला जिन्याच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागली.

सूर्यभानचा मात्र संताप उसळला. व्हरांड्यात येरझारा घालत तो म्हणाला की आता सोडत नाही, कंपनीवर केसच करतो, त्यांनी वेळेत डीपी दिली असती तर विस्तव पेटवायची वेळच आली नसती. धम्मशीलाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"करा की केस," त्या म्हणाल्या. "कंपनी नालायकच हाय. मीबी चार महिने भोगलंय. पन भाऊ, डीपी कुनी जाळली?"

सूर्यभान येरझारा सोडून त्यांच्याकडं वळला.

"एकतीस मीटरच्या हिशोबानं ती बसवलेली. तिच्यावर तुमी, आपल्या गल्लीनं, साठ शेगड्या न् हिटर टाकले. दरसाल जळती. आन् दरसाल आपुन कंपनीला शिव्या देतो. लेकराची ऊब तुमच्याच आकड्यानं गेली, भाऊ. पोतंबी तुमीच लावलं. दुसऱ्याचं नाव घेऊ नका."

फुकटचा चहा न घेणारा माणूस म्हणून मिरवलेली तेवीस वर्षं सूर्यभानच्या डोळ्यांपुढून गेली. दर दिवाळीला खांबाखाली उभं राहून वर वायर भिरकावणारा आपलाच हात त्याला दिसला, आणि त्या ऑपरेटरची आली नव्हती एवढी किळस त्याला स्वतःची आली. जेवायला म्हणून बाहेर पडलेला सूर्यभान जेवला नाही. त्यानं दोन कोरे कागद घेतले आणि झेरॉक्सच्या दुकानात उभ्यानंच लिहून काढले.

त्या दिवशी वीज कंपनीच्या ऑफिसात साहेब चक्क खुर्चीत होते. तरुण अभियंता. पहिला कागद वाचून ते चपापले. त्यात लिहिलं होतं की मी इतकी वर्षं हिवाळ्यात आकडा टाकून वीज वापरली, वायर काढून न्यावी आणि नियमाप्रमाणे दंड लावावा. साहेबांनी हळूच कागद परत सरकवला. म्हणाले, "काका, कामून लिहून द्यायलात? सगळेच करतेत. मलाच पंचनाम्याची परेशानी. लाईन बंद हाय तवर गुपचूप वायर काढून घ्या, मिटलं."

सूर्यभाननं कागद पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला. म्हणाला, "पोच द्या."

मग दुसरा पुढं केला. गल्लीचा खरा भार मोजावा, त्याप्रमाणे डीपी नियमाच्या मुदतीत बसवावी, वर्गणी कशासाठी मागितली त्याचा लेखी खुलासा द्यावा. "याचीबी पोच द्या. पैला कागद दिल्याबिगर हे मागायचं मला तोंड न्हाई."

साहेबांनी दोन्हींवर शिक्का मारला. मारावाच लागला.

गल्लीत व्हायचं तेच झालं. याच्यामुळं आता पथक येणार म्हणून शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं, एकानं तोंडावर बेइमान म्हटलं. सूर्यभानला दंड झाला, तो त्यानं भरला. पण वर्गणीचा लेखी खुलासा द्यायला कंपनीत कुणी धजावेना, आणि अर्ज दिल्यापासून सातव्या दिवशी मोठी डीपी आली, एक छदामही न घेता. त्यानंतर सहा घरांनी भार वाढवायचे अर्ज दिले. चोवीस घरांनी अजून दिलेले नाहीत, हेही सांगून टाकतो.

डीपी आली त्याच संध्याकाळी सूर्यभान दवाखान्यात गेला. नर्सनं शिकवल्याप्रमाणे वैष्णवीनं बाळाला उघड्या छातीशी धरून वरून शाल गुंडाळली होती. लेकरू शांत झोपलं होतं. सूर्यभान खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "माझ्यामुळं झालं, बाई." वैष्णवीनं बापाकडं बघितलं आणि शालीची कड जरा बाजूला करून त्याला नातीचं तोंड दाखवलं.

वाचकहो, बाळंतिणीच्या बंद खोलीत विस्तव ठेवू नका, एवढं तर आजच घरोघर सांगा. आणि दुसरं कडू आहे, तरी ऐका. आपल्या वीज कंपन्यांत आळस आहे, लाचखोरी आहे, निर्लज्जपणा आहे, आणि त्यांना जाब विचारायलाच हवा. पण चोरीची वायर घरावर लटकवून जाब विचारणाऱ्याला ते हसून परत पाठवतात, कारण त्यांना ती वायर ठाऊक असते. आपली छोटी चोरीच त्यांच्या मोठ्या चोरीच्या राखणीला बसते. आधी ती काढा, मग त्यांच्या टेबलावर हात आपटा!