‘म’ गिळलेला शब्द

चैताचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि सोनबाजी मेंबरांच्या वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं. एका बाईच्या तळहातात खुंट घुसलं. ती ओरडली, "माय वं!" आणि बांधावर उभे असलेले मेंबर असे दचकले, की हातातला पाण्याचा गडवाच खाली पडला.

"अवो, काय झालं?" त्यांच्या बायकोनं, जमनाबाईनं विचारलं.

"कोनी हाक मारली काय मले?"

"तिच्या हातात खुंट रुतलं. तुमाले कोन हाक मारते?"

मेंबरांनी वाकून गडवा उचलला. त्यांना मेलेली माय हाक मारत होती. गोठ्यातून, विहिरीच्या काठावरून, अशी भर दुपारी: "सोन्या, आला काय रे?"

आता हे सोनबाजी काही मोठे पुढारी नव्हते. चौथी शिकलेले, घाटंजीकडच्या पंचवीसएक गावांनी निवडून नागपूरच्या कौन्सिलात धाडलेले. टोपी इस्त्रीची, पण टाचांच्या भेगा आमच्यासारख्याच. इंग्रजीच्या नावानं पूज्य. एकतीस साल होतं ते. कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, ज्वारी करपली म्हणून कडबा नव्हता, आणि डोंगरावर सरकारी गवत उभ्या उभ्या वाळत असताना आमच्या गुरांना तिकडे बंदी. जंगल चराईला खुलं करा, असा ठराव कौन्सिलात येणार होता. यवतमाळच्या एका वकिलानं मेंबरांना पढवलं, "तुमचं नाव पुकारलं की उठायचं आणि 'आय' म्हणायचं. इंग्रजीत तो होकार. ध्यानात राहत नसेल तर आपली माय आठवा आणि 'म' गिळून टाका. झालं!"

मेंबर तेव्हा पोट धरून हसले होते.

पुढं पौषात ते बाभुळगावकडे सभा घेत फिरत होते आणि इकडे माय अंथरुणाला खिळली. तीन दिवस ती एकच विचारत होती, "सोन्या आला काय?" निरोप पोचला होता. एवढी एक सभा उरकून निघू, म्हणून हे थांबले. आले तेव्हा सरण विझलं होतं.

महिन्याभरानं कौन्सिलात त्यांचं नाव पुकारलं गेलं. मेंबर उठले. वकिलानं शिकवल्याप्रमाणे त्यांनी माय आठवली. ती अशी आठवली, की 'म' गिळायला गेले आणि सगळा शब्दच गिळून बसले. मतं दोन्हीकडे सारखी पडली आणि अध्यक्षांनी आपलं मत सरकारच्या बाजूनं टाकलं. ठराव गेला.

गावाला एवढंच कळलं, की कोणी एक मेंबर ऐन वेळी गप राहिला. कोण ते कळलं नाही. मग काय, गाव त्या बिननावाच्या माणसाला पारावर बसून शिव्या घालायचं, आणि सोनबाजी तिथंच बसून मान हलवायचे. माझ्या मते त्यांना मायच्या हाकेनं जेवढं पोखरलं नसेल, तेवढं त्या मान हलवण्यानं पोखरलं.

गडवा पडला त्याच दुपारी शेजारच्या वावरातला उकंडा धावत आला. "मेंबर, माहा पवळ्या बसला! उठूनच नाही राह्यला. चाला लवकर!"

दोघांनी बैलाच्या पोटाखालून बांबू घातला आणि जोर लावला. पवळ्या गुडघ्यांवर आला, थरथरला आणि पुन्हा कोसळला. तीनदा असंच झालं. उकंडा खाली बसला.

"त्या गप राहनाऱ्याची जीभ झडो! एक शब्द बोल्ला असता तं आज माहा बैल डोंगरावर चरत असता."

"तो मी होतो, उकंडा."

"काय?"

"गप राह्यलेला. मीच तो." आणि मेंबरांनी मायपासून मतापर्यंत सगळं सांगून टाकलं.

उकंड्यानं पवळ्याच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "कायले सांगतलं मले? आतापावतर नाव मालूम नव्हतं, तं मोकळ्या मनानं शिव्या देत होतो."

"दे ना मले. उद्याच राजीनामा देतो मी."

"त्यानं पवळ्या उठते काय?" उकंडा एकदम भडकला. "तुमी घरी बससान रडत, अन तिथं आमचं कोन हाये? एक बैल राह्यला माह्या घरी. त्याच्यासाठी जा. ठराव परत आना. रडत म्हना, बोबडं म्हना, पन म्हना!"

"अन पुन्हा घसा आवळला तं?"

"तं 'म' नका गिळू. सरळ 'माय' म्हना. मतं लिहिनाऱ्याले समजन तसं समजन."

पवळ्या दिवस मावळायच्या आत मेला. मेंबरांनी राजीनामा दिला नाही. पावसाळी बैठकीला ते नागपूरला निघाले, तेव्हा उकंडा वेशीपर्यंत आला. दरवेळी त्याचीच गाडी त्यांना घाटंजीला पोचवायची. या खेपेला मेंबर चिखल तुडवत पायी गेले; एका बैलावर गाडी चालत नाही.