अंगठ्याला चिकटलेलं पाप

"निघालं! बघा, निघालं!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. बाबाने मंत्र पुटपुटत खुर्चीतल्या शिवणवाल्या मावशींच्या दंडावर अंगठा जरासा घासला होता, आणि धडधाकट दिसणारी कातडी ओल्या कागदासारखी सरकून त्या अंगठ्याला चिकटली होती. खाली लालभडक मांस उघडं पडलं होतं.

"सात जन्मांचं पाप, माई!" ती साल ताटलीत ठेवत बाबा म्हणाला. "थरावर थर बसलेत. आणि त्या डॉक्टरच्या गोळ्या बंद! गोळ्यांनी पाप आत दडून बसतं."

लोक चक्क त्या ताटलीच्या पाया पडू लागले. मावशींच्या लेकीने तोंड फिरवलं. पण आईचं अंग फोडांनी भरलेलं. बुडत्याला काडीचा आधार. तिनेही हात जोडले आणि गोळ्या बंद केल्या.

आईला ताप भरला. जखमांना कुबट वास येऊ लागला. एका सकाळी लेकीने तिला उठवायला काखेत हात घातला, तशी आई किंचाळली. लेकीच्या तळव्याला कातडी चिकटून आली होती. ना मंत्र, ना बाबा!

तिने आईला तडक इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाई आधी कडाडल्या, मग सुई-सलाईन लावून लेकीजवळ टेकल्या. "तुम्ही कपड्यांना टिचबटणं लावता ना? कातडीतल्या पेशी एकमेकींना अशाच बारीक बटणांनी धरून असतात. सगळ्यात खालची रांग तळाच्या पडद्याला घट्ट रोवलेली असते. या आजारात शरीराचे पहारेकरीच चुकतात. पेशीपेशींमधल्या बटणांना शत्रू समजून सोडवत सुटतात. खालची रांग जागेवर राहते, वरचे थर सुटे होतात. मग कुणीही घासा, साल निघणारच."

"आणि गोळ्या?"

"पहारेकऱ्यांना आवरतात. त्या तुम्ही थांबवल्यात, आणि तो नालायक उघड्या मांसावर मळका अंगठा चोळत बसला! जंतूंना दारच उघडून दिलं त्याने."

पुढच्या सभेत खुर्चीवर फोडांनी भरलेले एक आजोबा बसले होते. बाबाचा अंगठा उठला, तशी लेक मध्ये घुसली. "थांबा. आधी माझ्या दंडावर घासा."

बाबाने घासलं. निघाला तो मळ.

"तू पुण्यवान आहेस, मुली!"

"मी? रोज सासूशी भांडते मी!" लोक हसले. "आणि माझ्या हाताने आईची कातडी मंत्राशिवाय निघाली. मग मलाही ताटली द्या. हा आजार आहे हो! आई तापाने फणफणलीय. आजोबांना इस्पितळात न्या."

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. आजोबांच्या सुनेने त्यांना खुर्चीवरून उठवलं.

मावशींचा ताप उतरला. फोड मात्र सावकाश बरे होताहेत. औषध चमत्कार करत नाही, काम करतं.

मुलांनो, जे मंत्राशिवायही घडतं, ते मंत्राने घडलं असं मानू नका. आणि दुखऱ्या माणसाला सोलून कुणी चमत्कार दाखवत असेल, तर टाळ्या वाजवू नका. त्याचा हात रोखा.